पाचारणाचे वाचन : पंडिता रमाबाईंच्या जीवनकार्याचा एक विचार

१

ईश्वरी आज्ञा माणसापर्यंत कशी पोहोचते, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक भाषा आपल्या शब्दांतून देत असते. मराठीत यासाठी जुना आणि लोकांच्या तोंडी असलेला शब्द आहे 'दृष्टांत'. देव स्वप्नात येतो, काय करावयाचे ते सांगतो, आणि जागा झालेला माणूस त्या कामाला लागतो. तुकोबांच्या कवित्वाच्या उगमाची परंपरेने सांगितलेली हकीकत याच जातीची आहे. नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन स्वप्नात आले आणि शतकोटी अभंगांचा अपुरा राहिलेला संकल्प पुरा करण्यास त्यांनी सांगितले, अशी ती हकीकत आहे. बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह झाला तोही स्वप्नातच, आणि तो प्रसंग त्यांनी आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत स्वतः नोंदवून ठेवला आहे.

दृष्टांताच्या शेजारी दुसरा शब्द उभा आहे : 'स्वधर्म'. दृष्टांत कोणा एकाला होतो. स्वधर्म मात्र प्रत्येकालाच असतो, आणि रूढ अर्थाने तो जन्माबरोबर ठरलेला असतो. स्वधर्म शोधावा लागत नाही, पाळावा लागतो. एकोणिसाव्या शतकात या दोहोंच्या जोडीला मराठीत तिसरा शब्द आला. 'पाचारण' हा शब्द नवा नव्हता. वैद्याला पाचारण करावे, शास्त्रीबुवांना पाचारण करावे, असा त्याचा व्यवहारातला उपयोग होता. बायबलच्या मराठी भाषांतरांनी आणि मराठी ख्रिस्ती लेखकांनी त्याला निराळा अर्थ दिला. ईश्वर एखाद्या व्यक्तीला तिच्या नावाने बोलावतो, तिच्या नेहमीच्या जागेवरून उठवतो आणि एका विशिष्ट कामावर धाडतो, हा तो अर्थ होय. युरोपात ल्यूथरच्या बायबलातील 'बेरूफ' या जर्मन शब्दाने धर्मातील बोलावणे आणि रोजचा धंदा या दोन कल्पना एकाच शब्दात आणून बसविल्या, आणि माक्स वेबरने १९०४–०५ मध्ये त्या एका शब्दाच्या आधारे आधुनिक अर्थव्यवहाराच्या मनोवृत्तीची मीमांसा केली. मराठीतील 'पाचारण' या शब्दाला असा मीमांसक लाभला नाही. तथापि त्या शब्दाचा सगळा भार वाहिलेले एक आयुष्य मराठीला लाभले. ते पंडिता रमाबाईंचे.

रमाबाईंच्या चरित्राकडे समाजसुधारणेच्या इतिहासाचे एक प्रकरण म्हणून, अथवा धर्मांतराच्या वादाचे एक उदाहरण म्हणून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. या दोन्ही दृष्टींत तथ्य आहे. परंतु त्यांच्या आयुष्याची अंतर्गत रचना पाहू गेल्यास तेथे एक तिसराच प्रश्न आरंभापासून अखेरपर्यंत दिसतो : आपल्याला कशासाठी बोलावले आहे, हे ओळखावयाचे कसे, आणि ते ओळखण्याचा अधिकार कोणाचा?

२

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी मैसूर संस्थानाच्या पश्चिमेकडील सह्याद्रीत, गंगामूळ येथील रानातल्या आश्रमात झाला. त्या काळी संस्थानाचा कारभार कंपनी सरकारच्या हाती असून १८३१ पासून तो बंगळूरहून चालत होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळ कारकळकडील मराठी भाषिक ब्राह्मण. पुण्यास शिकत असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला आपले गुरुजी संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले, आणि आपणही पत्नीला शिकवावे ही कल्पना त्यांच्या मनात रुजली. काही वर्षे मैसूर दरबारच्या आश्रयाने काढल्यावर लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविण्याचा उद्योग त्यांनी आरंभिला. लोकांचा रोष झाला. उडुपीच्या विद्वानांपुढे शास्त्राधाराने त्यांना आपली बाजू मांडावी लागली. सोन्यासारखा दरबारचा आश्रय पाहिलेला हा गृहस्थ रानात जाऊन राहिला, यामागे कोणताही दृष्टांत नव्हता. एक पाहिलेली गोष्ट आणि तिच्यावर बसलेला विश्वास, एवढाच आधार होता. रमाबाईंच्या पुढील आयुष्याची रीत येथेच दिसते.

घर मोडल्यावर हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे सांगत देशभर फिरले. आईपाशी शिकलेल्या रमाबाईंनी भागवत मुखोद्गत केले होते. पुराणिकाचा हा व्यवसाय त्यांच्या दृष्टीने पोटाचा धंदा होता तसाच धर्मही होता; येथे स्वधर्म आणि निर्वाह एकच होते. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण ही तिघेही गेली. शास्त्राने सांगितलेले सारे काही केले, दानधर्म केला, मूर्तींपुढे दिवसच्या दिवस बसले, आणि तरीही उत्तर आले नाही, ही जाणीव भावंडांच्या मनात घर करून राहिली. दृष्टांताच्या अपेक्षेने झिजलेल्या या कुटुंबाला दृष्टांत झाला नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे रमाबाईंनी स्वप्नावर किंवा चमत्कारावर आपल्या कार्याची उभारणी कधी केली नाही, त्याचे एक कारण या अनुभवात सापडते.

१८७८ मध्ये बंधू श्रीनिवासशास्त्र्यांसह त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या त्यांना मिळाल्या. याच कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचावयास दिला. तोवर स्त्रीने वेद वाचू नये ही मर्यादा रमाबाई स्वतः पाळीत होत्या. ज्या ग्रंथावर सर्व स्वधर्माची इमारत उभी, तो उघडण्याचा अधिकारच आपल्याला नाही, ही विसंगती आता त्यांच्यापुढे उघड झाली. पुढील काही वर्षांत भाऊ वारला, बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, मुलगी मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीही निवर्तले. सिल्चरच्या घरी पतीच्या पुस्तकांत बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान त्यांच्या हाती लागले होते.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर यांच्या गरजेविषयी साक्ष दिली, आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. या पुस्तकाचे नाव आणि भाषा ही दोन्ही बोलकी आहेत. नावात 'धर्म' आहे. भाषा संस्कृतप्रचुर, उपदेशकाची आहे. स्त्रीने काय व्हावे हे सांगणारी लेखिका येथे अजून जुन्या व्यासपीठावर उभी आहे. श्रोतृवर्ग तेवढा बदलला आहे. तथापि याच पुस्तकाच्या उत्पन्नाने तिने इंग्लंडला जाण्याचे भाडे भागविले. स्वधर्माच्या भाषेने पाचारणाचा प्रवासखर्च दिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

३

इंग्लंडला जाताना रमाबाईंचा हेतू निश्चित होता : वैद्यकाचे शिक्षण घ्यावयाचे. हंटर आयोगापुढे त्यांनी जी गरज मांडली, ती स्वतः भागविण्याची ही तयारी होती. परंतु त्यांची श्रवणशक्ती मंद होत चालली होती आणि वैद्यकाचा मार्ग त्यामुळे बंद झाला. पाचारणाचा विचार करणाऱ्याला हा प्रसंग महत्त्वाचा वाटावा. जे आपले काम म्हणून मनाने ठरविले होते, त्याला शरीरानेच नकार दिला. दैववादी मनुष्य यात दुर्भाग्य पाहील, भाबडा भक्त यात लागलीच ईश्वरी योजना पाहील. रमाबाईंनी दोन्ही केले नाही. त्या अध्यापनाकडे वळल्या, चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्याजवळ शिकू लागल्या, तेथे संस्कृत शिकवू लागल्या, आणि पुढची दिशा दिसेपर्यंत जवळचे काम करीत राहिल्या.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला होता. हिंदुस्थानात त्यावर वादळ उठले. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. परंतु रमाबाईंच्या अंतर्जीवनाच्या दृष्टीने याहून मोठा संघर्ष वाँटेजच्या मठातच घडत होता. त्याचा पुरावा म्हणजे सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवलेला आणि अ. भि. शहा यांनी संपादिलेला पत्रव्यवहार. तो १९७७ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाला.

या पत्रव्यवहाराचा केंद्रबिंदू आहे अधिकार. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, हा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली : त्यामुळे या नव्या ख्रिस्ती स्त्रीचा आपल्या देशबांधवांमधील प्रभाव नाहीसा होईल, असे त्यांचे मत पडले. भावाबरोबर गावोगाव पुरुषांच्या सभांतून व्याख्याने देत फिरलेल्या रमाबाईंना ही हरकत अनाकलनीय वाटली. ज्या बंधनांतून बाहेर पडण्यासाठी समुद्र ओलांडला, तीच बंधने आता दुसऱ्या धर्माच्या नावाने पुढे येत होती. सद्बुद्धी आपल्यालाही दिलेली आहे, आणि ती दुसऱ्याच्या स्वाधीन करणे हे आज्ञापालन होत नाही, असा त्यांचा पवित्रा होता. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांना शंका होत्या आणि त्या त्यांनी लपविल्या नाहीत. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपल्याला ती भाषा समजत नाही, तेथे संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. हा प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु ज्या भाषेत आपण ऐकू शकत नाही त्या भाषेत आपल्याला कोणी बोलावू शकत नाही, ही त्यामागची जाणीव पुढे चाळीस वर्षे काम करीत राहिली.

सिस्टर जेराल्डिन यांची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. ज्या परंपरेत त्या वाढल्या होत्या तिची अनुभवसिद्ध शिकवण अशी की, व्यक्तीच्या मनात उठलेली प्रत्येक प्रेरणा ईश्वराची असतेच असे नाही. अहंकारही ईश्वराचा आवाज काढू शकतो. म्हणून प्रेरणेची परीक्षा समुदायाने व वडीलधाऱ्यांनी करावी. वारकरी परंपरेतही गुरूचे स्थान याच कारणासाठी आहे. रमाबाईंनी हे तत्त्व नाकारले नाही. ते चालविणाऱ्यांचे अज्ञान तेवढे दाखविले. ज्यांना हिंदुस्थान ठाऊक नाही, त्यांनी हिंदी स्त्रीला हिंदुस्थानातील तिच्या कामाची मर्यादा आखून द्यावी, हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते.

४

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि अमेरिकेत सुमारे पावणेतीन वर्षे राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्याच वर्षअखेरीस बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षे साहाय्य देण्याचे तिने मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, मुलींना आपापले आचार पाळता येतील, या अटीवर रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळात आपली नावे दिली होती.

येथे रमाबाईंच्या पाचारणाची सर्वांत कठीण परीक्षा झाली. १८९१ च्या सुमारास त्यांच्या धार्मिक जीवनाला नवे वळण लागले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताला भेटलो नाही, अशा अर्थाची कबुली त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत पुढे दिली आहे. त्यांच्या खोलीतील प्रार्थनेला दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला; 'केसरी'ने कडक टीका केली; १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या.

या प्रसंगी रमाबाईंचा पक्ष घेणारे म्हणतात की, त्यांनी कोणावर सक्ती केली नाही. आणि ते खरे आहे. त्यांच्या टीकाकारांचे म्हणणे असे की, आश्रयाला आलेल्या लहान वयाच्या मुलींपुढे आश्रयदात्रीचे उघडे दार हेही एक प्रकारचे आमंत्रणच असते. आणि हेही निराधार नाही. वचन आणि पाचारण यांचा येथे सामना झाला. आपली प्रार्थना दाराआड करणे रमाबाईंना सत्याशी प्रतारणा वाटली. मंडळाला ते उघडे दार विश्वासाशी प्रतारणा वाटले. इतिहासकाराने कोणा एकाला निर्दोष ठरविण्याची घाई येथे करू नये. ईश्वराने बोलावले अशी खात्री झालेल्या माणसाच्या हातून, मनात कपट नसतानाही, दुसऱ्याला दिलेल्या शब्दावर ताण पडू शकतो, ही गोष्ट मान्य केल्याशिवाय पाचारणाचा इतिहास प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. रमाबाईंना त्याची किंमत मोजावी लागली. पुण्याचा सुधारक समाज त्यांना दुरावला तो कायमचा.

५

दहा वर्षांची अमेरिकी मदत १८९८ मध्ये संपणार, म्हणून उत्पन्नाची सोय व्हावी या व्यावहारिक हेतूने पुणे–दौंड लोहमार्गावर केडगाव येथे शेतजमीन घेऊन ठेवण्यात आली होती. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वी ज्या भुकेने आपले आईवडील नेले ती भूक रमाबाईंना पुन्हा दिसली, आणि त्या निघाल्या. पैसा नव्हता, व्यवस्था नव्हती. शेकडो मुली आणि स्त्रिया बरोबर आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या शेतात तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्तिसदन असे आकाराला आले. १९०० च्या सुमारास, गुजरातच्या दुष्काळानंतर, तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना, अंध स्त्रियांचे शिक्षण असे नाना उद्योग तेथे चालत.

या घटनाक्रमाकडे पाहिल्यावर एक गोष्ट प्रत्ययास येते. रमाबाईंच्या आयुष्यातील निर्णायक बोलावणे स्वप्नातून आले नाही आणि धर्मपीठाकडूनही आले नाही. ते आले भुकेल्या माणसांकडून, आणि ते ओळखता आले स्वतःच्या जुन्या भुकेच्या आठवणीमुळे. आयुष्यातील जे अनुभव निरर्थक दुःख म्हणून मागे पडले होते, त्यांचा अर्थ या क्षणी लागला. कर्नाटकातील रान, यात्रेची पायपीट, वेदाचा नकार, वैधव्य, मंदावलेले कान ही सर्व जणू एका अवघड लेखाची सुटी अक्षरे होती. ती जुळवून वाचावयास जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

यानंतरचे रमाबाईंचे मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. मुक्तिसदनाचा अफाट व्याप सांभाळून, पन्नाशीच्या आसपास, हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी हे काम अंगावर घेतले. प्रचलित मराठी भाषांतरांची भाषा संस्कृताच्या ओझ्याने वाकलेली आहे, तिच्यातील कित्येक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत, आणि खेड्यातून आलेल्या अल्पशिक्षित स्त्रीला ती कळत नाही, असा त्यांचा अनुभव होता. 'स्त्रीधर्मनीति'ची लेखिका आता संस्कृत शब्द एकेक करून बाजूला ठेवीत होती. ज्या विद्येने तिला 'सरस्वती' केले, त्या विद्येचे अलंकार तिने स्वतःच्या गद्यावरून उतरविले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शैलीचा इतका जाणीवपूर्वक त्याग क्वचित आढळतो. खिळे जुळविणाऱ्या आणि छपाई करणाऱ्याही मुक्तिसदनातील स्त्रियाच होत्या.

१९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.

६

या भाषांतराचा प्रसार झाला नाही. मंडळ्यांतून बायबल सोसायटीचीच भाषांतरे चालत राहिली. वाङ्मयेतिहासकारांनी रमाबाईंच्या प्रवासवृत्ताची आणि 'स्त्रीधर्मनीति'ची दखल घेतली. मीरा कोसंबी यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांचे लेखन इंग्रजी वाचकांपर्यंत नेले. भाषांतर मात्र बव्हंशी श्रद्धेचा विषय म्हणून बाजूला राहिले. ही उपेक्षा समीक्षेच्या दृष्टीने योग्य नाही.

तुलनेसाठी समकालीन नारायण वामन टिळकांकडे पाहावे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा राजीनामा देऊन साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. आपले पाचारण त्यांना अभंगात सापडले. तुकोबांच्या वाटेने ते ख्रिस्ताकडे जाऊ पाहत होते, आणि जुनी मराठी भक्तीची भाषा त्यांनी नव्या अर्थाने भरली. १९१९ मध्ये ते वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. रमाबाईंनी याच्या उलट जाऊन जुन्या अर्थांपासून शब्द सोडवून घेण्याचा यत्न केला. दोघांनाही मिशनरी परंपरेची चौकट अपुरी पडली, आणि दोघांनीही तिचे उत्तर अखेर मराठी भाषेत शोधले. वाङ्मयगुणांच्या दृष्टीने टिळकांचा मार्ग अधिक फलदायी ठरला, हे मान्य केले पाहिजे. शब्दाला चिकटलेले जुने अर्थ कोणी आज्ञेने काढू शकत नाही; भाषा ती किंमत वसूल करते, आणि रमाबाईंच्या भाषांतरातील गद्य जागोजाग मुळाशी फार बांधलेले, म्हणून अवघडलेले वाटते.

परंतु पाचारणाची कसोटी यश ही असेल, तर इंद्रायणीत बुडालेल्या वह्या वर येण्यापूर्वीच्या तुकोबांचे काय? तेरा दिवसांच्या त्या उपोषणाची कथा सांगते ती हीच गोष्ट, की आदेश झालेल्यालाही आपले काम पाण्यात गेलेले पाहावे लागते, आणि तेवढ्याने आदेश खोटा ठरत नाही. बहिणाबाईंनी पतीचा विरोध सोसून, संसार न सोडता आपला अनुग्रह जपला. दृष्टांताच्या परंपरेतही परीक्षा स्वप्नात होत नाही, जागेपणीच होते. या अर्थी दृष्टांत आणि पाचारण यांत आरंभी दिसलेले अंतर अखेरीस पुष्कळ कमी होते.

अधिकाराचा जो प्रश्न वाँटेजमध्ये निघाला त्याला रमाबाईंनी तत्त्वचर्चेने उत्तर दिले नाही. ज्या ग्रंथाच्या आधारे दुसरे आपल्याला आपले काम सांगत होते, तो ग्रंथ त्यांनी मूळ भाषांत स्वतः वाचला, आणि दुष्काळातून आलेल्या स्त्रीलाही तो वाचता यावा म्हणून तिच्या मराठीत आणू पाहिला. पंडितांच्या परवानगीशिवाय वेद उघडण्याचा जो संकोच कलकत्त्यात होता, त्याची ही शेवटची परिणती होय. मुक्तिसदन आजही केडगावास चालू आहे आणि रमाबाईंच्या समाजकार्याचे मोल त्यावरून कोणीही करील. त्यांच्या भाषांतराचे मोल करावयाचे असेल, तर ते धर्मग्रंथाच्या शेल्फावरून उतरवून 'स्त्रीधर्मनीति'च्या शेजारी ठेवावे लागेल. १८८२ आणि १९२४ या दोन मराठींमधील अंतर मोजणे हे काम मराठी समीक्षेकडे अद्याप बाकी आहे.